अस्सल आर्थरचे रखवालदार व्हायचंय?

ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजावर नवी मालिका आली की तुमच्या अंगाचा तिळपापड होतो ना? छान. म्हणजे तुमच्यात गुण आहेत. पण सोफ्यावर बसून नुसतं चडफडून भागत नाही, परंपरेची राखण रीतसर करावी लागते. इतकी वर्षं मी हेच करत आलोय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

आधी 'मूळ कथा' कोणती ते ठरवून टाका. मूळ कथा म्हणजे आपण बारा वर्षांचे असताना वाचलेली. माझी मूळ कथा रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका इंग्रजी चित्रांच्या पुस्तकात होती. त्याची शेवटची आठ पानं गायब होती, त्यामुळे माझ्या परंपरेत आर्थर अजून ठणठणीत आहे.

कोणी फारच खोदून विचारलं तर 'मॅलरी' एवढंच म्हणा आणि चहाचा घोट घ्या. सर टॉमस मॅलरीने हा सगळा पसारा 1470 च्या सुमारास तुरुंगात बसून एकत्र बांधला आणि 1485 मध्ये कॅक्स्टनने तो छापला. बहुतेक अभ्यासक ज्या मॅलरीला लेखक मानतात, त्याच्यावर दरोडा, बलात्कार, खुनाचा प्रयत्न असे आरोप होते. शूरवीरांच्या सदाचारावर बोलताना हा तपशील मध्ये आणायचा नाही.

आणि मॅलरीच्या मागे तर चुकूनही जाऊ नका. तिकडे सगळी निसरडी वाट आहे. जेफ्री ऑफ मॉनमथने 1138 च्या आसपास आर्थरचं पहिलं सविस्तर चरित्र लिहिलं. त्यात आर्थरचा लाडका सरदार लॅन्सलॉट नाही, सरदार ज्याच्याभोवती बसतात ते गोल मेज नाही, ज्याच्या शोधात ते वणवण फिरतात ते पवित्र ग्रेल नाही, जी उपसून आर्थर राजा ठरतो ती दगडात रुतलेली तलवारही नाही. मेज आणलं वास नावाच्या कवीने, 1155 मध्ये, फ्रेंच पद्यात. लॅन्सलॉट आणि राणीचं प्रेमप्रकरण क्रेतियां द त्र्वाने रंगवलं, आणि विषय मारी या शॅम्पेनच्या काउंटेसने दिला असं तो स्वतःच सांगतो. एवढं करून काव्य अर्धवट सोडलं. शेवट दुसऱ्यानेच लिहिला. आज एखाद्या निर्मात्याने असं केलं असतं तर आपण त्याला सोललं असतं.

तलवारीचं तर बोलूच नका. 1200 च्या सुमारास रॉबेर द बोरोंने ती प्रथम आणली, पण त्याच्याकडे दगडावर लोहाराची ऐरण आहे आणि तलवार त्या ऐरणीत रुतलेली आहे. आता आठवा, तुमच्या लहानपणीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काय होतं? नुसता दगड. म्हणजे ऐरण तिथेच कोणीतरी ढापली होती आणि तुम्ही मात्र आज मालिकेतल्या राणीच्या केशरचनेवरून भांडताय! ग्रेलचीही तीच गत: क्रेतियांकडे ते जेवणाचं ताट, रॉबेरकडे येशूच्या शेवटच्या भोजनातलं पात्र, वुल्फ्राम या जर्मन कवीकडे चक्क दगड. भांड्यांची एवढी अदलाबदल तर लग्नघरातही होत नाही.

आता तुमचा लाडका मुद्दा. 2021 च्या 'द ग्रीन नाइट' चित्रपटात आर्थरचा भाचा गवेन याची भूमिका भारतीय वंशाच्या नटाने केली आणि अनेकांची परंपरा एका रात्रीत जागी झाली. तुम्हीही ओरडा, पण ग्रंथालयापासून लांब उभे राहून. तेराव्या शतकातल्या एका डच काव्याचा नायक मोरिएन दात सोडले तर नखशिखांत काळा आहे, आणि गवेन-लॅन्सलॉट त्याच्याबरोबर मानाने वावरतात. वुल्फ्रामच्या काव्यात ग्रेल शोधणाऱ्या पार्झिव्हालचा सावत्र भाऊ फाइरेफित्स हा मॅगपाय पक्ष्यासारखा काळापांढरा, ठिपकेदार. तो ग्रेल वाहणाऱ्या राजकन्येशी लग्न करतो आणि तिला घेऊन थेट हिंदुस्थानात येतो. म्हणजे मध्ययुगातल्या जर्मन कवीच्या मते ग्रेलवाली आपल्याकडची सून. हे कुणाला कळलं तर रखवालदारीच्या धंद्याची वाट लागेल.

'इतिहासाशी प्रामाणिक राहा' ही मागणीही जोरात करावी. पाचव्या-सहाव्या शतकातल्या माणसाच्या अंगावर लखलखीत पोलादी चिलखत कसं, असं विचारा. मॅलरीच्या पुस्तकात आर्थरवर उलटलेला त्याचा मुलगा मॉड्रेड टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यावर तोफा डागतो, ते पान मात्र पटकन उलटा. 'हल्ली सगळ्यांना सुपरहिरो करतात' हे वाक्यही फार चालतं. जुन्या वेल्श गोष्टीत आर्थरचा सरदार केई नऊ दिवस नऊ रात्री पाण्याखाली श्वास रोखून धरतो, मनात आलं तर झाडाएवढा उंच होतो, आणि भर पावसात त्याच्या हातातली वस्तू भिजत नाही. पण वेल्श आपल्याला कुठे येतं?

तरीही कधीतरी पेच पडतोच. जेफ्रीवरही पडला असणार, पण त्याने काय शक्कल लढवली बघा. हे सगळं मी ब्रिटिश भाषेतल्या, म्हणजे वेल्शच्या पूर्वज भाषेतल्या, एका अतिप्राचीन ग्रंथातून उतरवलंय, तो मला ऑक्सफर्डचा चर्च-अधिकारी (आर्चडीकन) वॉल्टर याने दिला, असं त्याने लिहून ठेवलं. वर समकालीन इतिहासकारांना बजावलं की, तुमच्याकडे तो ग्रंथ नाही, तेव्हा या राजांबद्दल तुम्ही गप्प बसा. तो ग्रंथ आजवर कुणाला सापडलेला नाही. माझ्या मते आपल्या क्षेत्रातलं हे सर्वोच्च काम आहे.

गेल्या रविवारी भाचीबरोबर मालिका बघत होतो. दर पाच मिनिटांनी मी 'मुळात असं नाहीच' म्हणत होतो. शेवटी तिने रिमोट दाबून चित्र थांबवलं.

"मामा, मुळात म्हणजे कुठे? दाखव ना ते पुस्तक."

"ते ना, एका मित्राकडे आहे."

"कुठल्या मित्राकडे?"

"तू नाही ओळखत. ऑक्सफर्डला असतो."