गूगलचा फुलफॉर्म फॉरवर्ड करणाऱ्या काकांसाठी

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, ‘९९ टक्के लोकांना माहीत नाही’ वाला. त्यात म्हणे गूगल म्हणजे ‘ग्लोबल ऑर्गनायझेशन ऑफ ओरिएंटेड ग्रुप लँग्वेज ऑफ अर्थ’, आणि मूळ शब्द गूगोल, तो लॅटिन, अर्थ अनंत.

फुलफॉर्मकडे शेवटी येतो.

लॅटिन-बिटिन काही नाही हो. कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड कॅसनर नावाचे गणिताचे प्रोफेसर होते, त्यांना एकावर १०० शून्यं एवढ्या आकड्याला नाव हवं होतं, तर १९२० च्या सुमारास त्यांनी ९ वर्षांच्या भाच्याला, मिल्टनला, विचारलं आणि त्याने गूगोल म्हणून टाकलं. पोराच्या तोंडचा शब्द, बस.

आता अनंत. काका, घरात पोरांचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर असेल ना, त्यावर ६९ चा फॅक्टोरियल (म्हणजे १ ते ६९ सगळे आकडे एकमेकांना गुणून) काढा, येतो. ७० चा काढा, साध्या मॉडेलवर सरळ एरर, कारण तिथे उत्तर गूगोलच्या पुढे जातं आणि त्या बिचाऱ्याची मजल गूगोलच्या अलीकडेच संपते. म्हणजे ६९ आणि ७० च्या फॅक्टोरियलच्या मधे कुठेतरी जे बसतं त्याला अनंत कसं म्हणायचं? दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू धरले तरी अंदाजे एकावर ८० शून्यं होतात, त्यामुळे गूगोल अफाट आहे हे मान्य, पण त्यात एक मिळवला की पुढचा आकडा तयार. आमची आजी एकं दहं शतं करत परार्धापर्यंत जायची, एकावर १७ शून्यं, तिनेही कधी परार्धाला अनंत म्हटलं नाही.

मिल्टनने अजून एक नाव दिलेलं, गूगोलप्लेक्स. त्याची व्याख्या भारी होती: एक लिहायचा आणि हात दुखेपर्यंत शून्यं काढत बसायचं! मामाने ते चालू दिलं नाही, कारण मग ज्याचा हात उशिरा दुखेल त्याचा आकडा मोठा, म्हणून एकावर गूगोल शून्यं असं पक्कं केलं.

राहिला फुलफॉर्म. कंपनीचं नाव गूगोलवरून आलं हे मात्र मेसेजमधे बरोबर आहे. १९९७ मधे स्टॅनफर्डला नाव शोधताना तिथल्या शॉन अँडरसन नावाच्या विद्यार्थ्याने गूगोलप्लेक्स सुचवलं, गूगलचा एक संस्थापक लॅरी पेज म्हणाला नुसतं गूगोल, आणि डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता) मोकळं आहे का बघताना अँडरसनने स्पेलिंग चुकवलं, तेच पेजला आवडलं. अहो, जी अक्षरं टायपिंगच्या चुकीतून आली त्यांचा कसला फुलफॉर्म?