मिटलेला चार

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या चुलतभावानं लिहिलं, "लाडक्या बहिणींना पंधराशे रुपये बरोबर कळतात, साधी केवायसी कळत नाही. सरकारनं शिकवायचं तरी किती?" खाली अंगठ्यांची रांग. मी डेन्मार्कमध्ये राहतो. ऑर्हूस शहरातल्या लेटबानमध्ये, म्हणजे ट्रॅममध्ये, मी ते वाचलं आणि माझा उतरायचा थांबा गेला.

शिकवलं किती, तेच बघू. २०१७ साली ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं. सहा कोटी घरं, घरटी एक माणूस, २० तासांचं शिक्षण, वय १४ ते ६०. सरकारी आकडा म्हणतो ६.३९ कोटी लोक शिकले. मार्च २०२४ मध्ये अभियान संपलं आणि त्याच वर्षी लाडकी बहीण सुरू झाली. म्हणजे बायकांना गरज पडली तेव्हा वर्ग उठून गेले होते. आणि घरटी एक म्हटल्यावर नाव कुणाचं लागतं? मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावी काकूच्या घरातून धाकट्या पोराचं लागलं. तो आता चाकणला असतो.

मग २०२५ मध्ये ई-केवायसी आली. स्वतःच्या आधारचा ओटीपी, वर नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा. काका जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचा ओटीपी काकूनं कुठून आणायचा? विधवांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, ही सोय मुदत वाढवताना झाली. तोवर तिनं सेतू केंद्रात तीन खेपा घातल्या, रोजंदारी बुडवून. हिला अडाणी म्हणायचं?

इथं माझ्या शेजारच्या आजी ऐंशीच्या आहेत. सरकारी कामांसाठी लागणारी मिट-आयडी ही डिजिटल ओळख जमेना म्हणून त्या ऑर्हूसच्या मोठ्या वाचनालयात गेल्या. तिथल्या बोर्गरसर्विसच्या, म्हणजे नागरिक मदत केंद्राच्या, मुलीनं शेजारी बसून सगळं करून दिलं आणि सरकारी पत्रं ऑनलाइन घेण्याच्या सक्तीतून सूटही मिळवून दिली. आता त्यांची पत्रं कागदावर येतात. त्यांना कुणी फुकटी म्हणालं नाही. हा देश साठ लाखांचा, आपला केवढा, हे मला माहीत आहे. पण शेजारी बसायला पैसा लागत नाही, माणूस लागतो. तो अंगणवाडी सेविकेच्या रूपानं आपल्याकडेही आहे, फक्त तिच्यावर आधीच दहा कामं लादलेली आहेत.

मी एवढा चिडलो त्याचं कारण वेगळं आहे. माझं तिकडचं बँक खातं जुन्या नंबराला जोडलेलं आहे आणि ते सिम काकूच्या फोनमध्ये असतं. माझा प्रत्येक ओटीपी ती वाचून सांगते. चौथीपर्यंत शिकलेली, मराठी आकडे ओळखणारी. पहिल्यांदा दोनदा चुकलं, कारण इंग्रजी आठ तिला आपल्या चारासारखा दिसायचा. तिनं स्वतःच तोड काढली. आता म्हणते, "दोन, सहा, मिटलेला चार." मिटलेला चार म्हणजे आठ. २० तासांच्या त्या अभ्यासक्रमात हे कुणी शिकवलं असेल, असं मला वाटत नाही.

नऊ वर्षं झाली मला इथं. गावाच्या भल्याबुऱ्यावर मी तावातावानं बोलतो, पण तिकडे फोन करतो तो याच सहा आकड्यांसाठी. गेल्या रविवारी काही काम नव्हतं, सहज लावला. काकूनं उचलला आणि मी बोलायच्या आत म्हणाली, "थांब, चष्मा घालते."