पंधरा मिनिटं मागितली होती

काल रात्री पावणेतीनला आमच्या रोलिंग मिलमध्ये १३ आणि १४ नंबर स्टँडच्या (लाल बार दाबून बारीक करणाऱ्या रोलच्या जोड्यांच्या) मध्ये कॉबल झाला, म्हणजे लाल बार वाट सोडून बाहेर उसळला आणि गुंता झाला. सकाळच्या डिले रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे लिहिलंय: ८५ मिनिटं, ऑपरेशनल. म्हणजे चूक ऑपरेटरची. म्हणजे माझी. घरी येऊन आंघोळ केली, झोपायला गेलो, पण तो एक शब्द काही डोक्यातून जात नाही.

शिफ्ट हातात घेतानाच १४ च्या एन्ट्री गाइडचा (बारला रोलमध्ये नीट सोडणाऱ्या रोलरच्या जोडीचा) आवाज कानावर आला होता. बेअरिंग कोरडं पडलेल्या रोलरचा आवाज अख्ख्या मिलच्या गडगडाटातूनही वेगळा कळतो. दात करकर चावल्यासारखा. एक बिलेट (भट्टीतून येणारा लोखंडाचा ठोकळा) संपून दुसरं यायच्या गॅपमध्ये जाऊन पाहिलं तर पाण्याचा नोझल अर्धा बुजलेला आणि एका रोलरवर पाणी पोचतच नव्हतं. ६० मिलिमीटरचा रोलर, सेकंदाला पाच मीटरने जाणारा हजार डिग्रीचा बार, म्हणजे त्या एवढ्याशा रोलरचे मिनिटाला दीड हजारांवर फेरे. पाण्याशिवाय तो किती वेळ टिकेल?

११ वाजून २० मिनिटांनी फोन केला. "साहेब, १५ मिनिटं द्या. गाइड शॉपमधून सेट केलेला गाइड इथे आणून ठेवलाय, फिटर उभा आहे, लगेच बदलतो." उत्तर आलं, "आत्ता नको. सकाळी पास चेंज (रोलच्या झिजलेल्या खाचा बदलणं) आहेच, तेव्हा बदला." एक वाजता परत फोन केला, आवाज वाढलाय म्हणून सांगितलं. तेव्हा काय ऐकावं लागलं? "तुम्हाला मिल थांबवायची भारी हौस आहे." वीस वर्षं मिलवर काढलेल्या माणसाला हे वाक्य! मिल थांबली की ज्याच्या पोटात गोळा येतो तो मी आहे. चालू मिलचा एकसुरी आवाज हे माझं सुख आहे. मला हौस?

पावणेतीनला तो रोलर जाम झाला. लंबगोल बार, म्हणजे ओव्हल, उभा धरून राउंड पासमध्ये, म्हणजे रोलच्या गोल खाचेत, सोडणं हे त्या गाइडचं एकमेव काम. रोलर जाम झाला, बार घासला, ओव्हल कलंडला, पासमध्ये शिरलाच नाही आणि वर उसळला. मागच्या स्टँडला कुठे माहीत पुढे काय झालंय? तो आपला ढकलत राहिला. सेकंदाला बारा किलो लाल लोखंड, न थांबता. आणि शिअरने, म्हणजे बार तोडणाऱ्या कात्रीने, लगेच तुकडे करायला घ्यायला हवे होते, ते घेतलेच नाहीत. कारण त्या जागचा, लाल बार ओळखणारा हॉट मेटल डिटेक्टर आठ दिवस बायपास करून ठेवलाय. लेन्सवर वाफ आणि स्केल (तापल्या लोखंडावरून सुटणारी पापडी) बसतो, खोटे ट्रिप येतात, म्हणजे मिल उगाच थांबते, खोट्या ट्रिपने प्रॉडक्शन जातं, म्हणून बायपास. लेन्सवर हवेचा फवारा लावा म्हणून मी लॉगबुकात तीनदा लिहिलंय. शेवटी पल्पिटमधून, म्हणजे कंट्रोल केबिनमधून, मी हाताने शिअर मारला. माणसाला दिसायला, कळायला आणि हात पोचायला वेळ लागतोच. तोवर तिथे चाळीस-पन्नास मीटरचा लाल गुंता झाला होता. एक वेटोळं कठड्यावरून खाली प्लॅटफॉर्मवर पडलं.

त्याच प्लॅटफॉर्मवर दहा मिनिटं आधी माझा हेल्पर उभा होता, मीच त्याला नोझल बघायला पाठवलं होतं. हे रिपोर्टमध्ये कुठेच नाही. मिनिटांचा रकाना आहे, टनांचा आहे. 'थोडक्यात वाचला' असा रकाना त्या कागदावर नाही. त्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला अजून तोच दिसतोय.

मग गॅस कटर, क्रेन, चेन, साखळीत अडकलेले तुकडे, दोन स्टँडच्या मध्ये वाकून कापणारी माणसं, अंगावर उडणाऱ्या ठिणग्या. गुंता गार व्हायची वाट बघायला कोणी तयार नाही. आणि कापणं चालू असताना दर पाच मिनिटांनी फोन, "किती वेळ?" अहो, फोन उचलायला जो माणूस लागतो तोच तिकडे कापायला लागलाय! १५ मिनिटं द्यायला ज्यांच्याकडे वेळ नव्हता, ते ८५ मिनिटं फोन धरून बसले. तेवढ्या वेळात तीसएक बिलेटं गेली असती, साठ टनांच्या वर माल. वर भट्टीत बिलेटं तशीच पडून स्केल खात राहिली. बर्नर कमी केले, परत वाढवले आणि सुरू करताना पहिलं बिलेट गार. त्याचं पुढचं टोक रफिंगला, म्हणजे सुरुवातीच्या स्टँडवर, फाटलं, ते गेलं क्रॉपमध्ये, म्हणजे कापून टाकायच्या टोकांत. यील्ड, म्हणजे बिलेटमधून निघणारा चांगला माल, कमी आलं म्हणून त्याचाही जाब उद्या मलाच विचारणार.

क्रॉपचं निघालंच आहे तर तेही सांगतो. दोन महिन्यांपूर्वी वरून फर्मान आलं, क्रॉपची लांबी कमी करा, यील्ड वाढेल. कमी केली. टोकाला फाटलेला, गार झालेला भाग पूर्ण कापलाच गेला नाही तर तो पुढच्या गाइडमध्ये जाऊन आपटणार, हे पहिल्या महिन्यातल्या ट्रेनीलाही कळतं. तेव्हापासून फिनिशिंगचे, म्हणजे शेवटच्या स्टँडवरचे, कॉबल वाढलेत. क्रॉपमध्ये वाचवलेलं एका कॉबलमध्ये किती पटीने जातं, हा हिशोब मी कागदावर मांडून दिला होता. तो कागद कोणी वाचला का, मला आजवर कळलेलं नाही.

वेगाचंही तेच. १२ एमएमच्या बारला सेकंदाला १४ मीटरवर छान स्थिर चालणारी मिल, लूपर (दोन स्टँडमधला बारचा सैल वळसा सांभाळणारा) शांत, बारचं वजन टॉलरन्समध्ये. कोणीतरी येतो, स्क्रीनवर मोटरचा लोड बघतो आणि म्हणतो, "अजून जागा आहे की!" मोटरला जागा असेल हो. बार पाण्याने गार करणाऱ्या वॉटर बॉक्सला आहे का? वेग वाढला की बार पाण्यात कमी वेळ राहतो, वरचा थर हवा तेवढा कडक होत नाही, यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे बारची ताकद, घसरते. मग पाणी वाढवा, प्रेशर वाढवा. पंप आधीच पूर्ण चालू. त्यानंतर लॅबमधून फोन येतो आणि तो फोन घ्यायचा मी.

माझ्या उस्तादांनी मला लोखंडी पहार बारवर टेकवून दोन स्टँडमधलं टेन्शन ओळखायला शिकवलं. लाकडाची पट्टी चालत्या बारला लावून जळलेल्या खुणेवरून ओव्हरफिल, म्हणजे खाचेत न मावून बाहेर आलेली कड, बघायला शिकवलं. कानाने बेअरिंग ओळखायला त्यांनीच शिकवलं. हे सगळं मी पुढच्या पोरांना शिकवतोय. आणि मीटिंगमध्ये काय विचारतात? "आवाज येत होता याला पुरावा काय?" जाम झालेला रोलर टेबलावर नेऊन ठेवला. निळा पडलेला, एका बाजूने घासून सपाट झालेला. मेंटेनन्सवाले म्हणाले, गाइड ऑपरेशनच्या अखत्यारीत येतो. इलेक्ट्रिकलवाले म्हणाले, बायपास प्रॉडक्शनच्या सांगण्यावरून केला. पाण्याच्या फिल्टरबद्दल तर कोणी तोंडच उघडलं नाही. नोझल बुजतात ते स्केलने, आणि फिल्टर उघडून कित्येक महिने झालेत. प्रत्येकाने आपापली मिनिटं झटकली आणि फिरून फिरून ती ८५ च्या ८५ माझ्या पदरात पडली.

आणि ज्यांनी फोनवर "आत्ता नको" म्हटलं ते समोरच बसले होते. माझ्याकडे बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. कॉबलचा मला एवढा राग नाही, मिल आहे, कॉबल होतात. या गप्प बसण्याचा आहे.

मी सही केलेली नाही. रिपोर्ट परत पाठवलाय. त्यावर दोन्ही फोनच्या वेळा लिहिल्यात, ११:२० आणि १:००. डिटेक्टरच्या तीन नोंदींच्या तारखा टाकल्यात, हेल्परची गोष्टही लिहिलीय. आज रात्री परत तिसरी शिफ्ट आहे. जाताना पहिल्यांदा १४ चं नवं गाइड आणि त्याचा नोझल बघणार. डिटेक्टर बायपासच असेल तर शिफ्ट लॉगबुकात लिहून, वेळ टाकून, समोरच्याची सही घेईन. सही मिळेपर्यंत भट्टीतून बिलेट बाहेर काढायला सांगणार नाही.