सौरऊर्जेवरचा फिरता मजकूर: कुठे चुकतो, आणि खरी दुखणी कुठे आहेत

व्हॉट्सॲपवर सौरऊर्जेविरुद्ध एक लांबलचक मजकूर फिरतो. शब्द दरवेळी थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. सौरवीज अनुदानाशिवाय परवडत नाही. पॅनेल बनवायला लागते तेवढी वीजही ते जन्मभरात देत नाही. ढग आले की बंद. सगळा माल चिनी. पंचवीस वर्षांनी विषारी कचऱ्याचे डोंगर. आणि सूर्य मावळला की सगळे मुसळ केरात. शेवटी सल्ला असतो, छतावर बसवू नका. यातला एक मुद्दा गंभीर आहे, दोन अर्धवट खरे आहेत, बाकीचे जुने किंवा चुकीचे आहेत. भारतातल्या सौरबाजाराची खरी दुखणी मात्र या मजकुरात कुठेच नाहीत. म्हणून हे सविस्तर उत्तर.

"अनुदान काढा, सौरवीज कोसळेल"

हे २०१० साली खरे होते. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौरविजेचा दर युनिटला १७.९१ रुपये ठरवला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या पहिल्या लिलावात (यात सर्वांत कमी दराने वीज द्यायला तयार असलेला जिंकतो) तो सरासरी १२ रुपयांच्या आसपास आला. एवढी महाग वीज कुठलीच वितरण कंपनी घेणार नव्हती. म्हणून एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीच्या वाटप न झालेल्या स्वस्त कोळसाविजेत ती मिसळून, मिश्रणाचा एकच दर लावून विकली गेली. तो आधारच होता, नाकारायचे कारण नाही.

पुढे काय झाले ते मजकुरात नाही. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला सौरउद्यानाच्या लिलावात दर २.४४ रुपये निघाला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत तो १.९९ पर्यंत उतरला. त्यानंतर आयातशुल्क लागले आणि दर वर सरकला. अलीकडचे मोठे लिलाव अडीच रुपयांच्या आगेमागे झाले. हा दर साधारणपणे २५ वर्षे तसाच राहतो. कोळशाच्या विजेत इंधनखर्च दरवर्षी हलतो. इथे पंचविसाव्या वर्षीही तेच अडीच रुपये.

दर उतरण्याचे मोठे श्रेय जगभर स्वस्त झालेल्या पॅनेलला आहे. उरलेले आपल्याकडच्या कराराच्या रचनेला आहे, आणि ते फारसे कुणी सांगत नाही. सौरप्रकल्पाला इंधन लागत नाही, जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो. त्यामुळे विजेचा दर कर्जाच्या व्याजावर ठरतो. एका मेगावॅटला चार कोटी खर्च आणि त्यात तीन कोटी कर्ज धरा. व्याज एका टक्क्याने चढले की पहिल्या वर्षी तीन लाख रुपये जादा. वर्षाची वीज बावीस लाख युनिट धरली तर युनिटमागे तेरा-चौदा पैसे वाढले. बँक व्याज कशावर ठरवते? पैसे वेळेवर येतील का, यावर. वितरण कंपन्यांची थकबाकी सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मधे सेकी ही केंद्र सरकारची कंपनी उभी केली. ती विकासकाकडून, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीकडून, वीज घेते, राज्यांना विकते, आणि राज्याने पैसे थकवले तर रिझर्व्ह बँकेमार्फत वसुलीची तरतूद केंद्र, राज्य आणि रिझर्व्ह बँक यांच्या त्रिपक्षीय करारात असते. मध्य प्रदेशातल्या ७५० मेगावॅटच्या रेवा प्रकल्पाने २०१७ साली यावर राज्याची हमी चढवली आणि विजेचा पाव हिस्सा दिल्ली मेट्रोला विकला. पहिल्या वर्षाचा दर तीन रुपयांच्या खाली, २.९७ आला. तिथे काम केले ते हमीने.

उलट उदाहरण आंध्र प्रदेशचे. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने आधी झालेले पवन आणि सौर करार पुन्हा उघडायला घेतले. उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये करारातल्याच दराने पैसे द्या, असे सांगितले. पण तोवर विकासकांची देणी अडकून पडली होती. करार मोडण्याची नुसती भीतीसुद्धा पुढच्या प्रत्येक प्रकल्पाचे व्याज वाढवते.

एक छुपी सवलत मात्र आम्ही मान्य करतो. ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज वाहून नेण्याचे भाडे, माफ होते. आता ते टप्प्याटप्प्याने लागू होते आहे. या माफीमुळे वीज कुठल्याही राज्यात वापरली तरी प्रकल्प राजस्थान-गुजरातेत उभारणे फायद्याचे ठरले. सगळे तिकडे धावले. सौरप्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, उच्चदाब वाहिनीला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. माळढोक पक्ष्याच्या अधिवासातून वाहिन्या नेण्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यात आणखी काळ गेला. आज राजस्थानात तयार प्रकल्पांची वीज ऐन दुपारी रोखावी लागते, कारण ती वाहून न्यायला तारा नाहीत. टीका करायची तर इथे करा.

"पॅनेल बनवायलाच जास्त वीज लागते"

चूक. सिलिकॉन शुद्ध करायला प्रचंड वीज लागते हे खरे, पण आजचे पॅनेल आपल्याकडच्या उन्हात ती साधारण एक ते दीड वर्षात परत देते. उत्पादक २५ ते ३० वर्षांची कार्यक्षमतेची हमी देतात: पहिल्या वर्षी एक ते दोन टक्के घट, नंतर वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

"ढगाळ हवेत बंद"

बंद होत नाही, कमी होते. विखुरलेल्या उजेडातही वीज तयार होते. अगदी काळोख्या आभाळात ती स्वच्छ दिवसाच्या दहा ते पंचवीस टक्के असते. कोकणात जुलै-ऑगस्टचे उत्पादन एप्रिलच्या निम्म्यावर येते. म्हणून हिशेब नेहमी वर्षाचा करायचा. महाराष्ट्रात एक किलोवॅट संच वर्षाला १,३०० ते १,५०० युनिट देतो, म्हणजे दिवसाला सरासरी चारच्या आसपास. कुणी विक्रेता "रोज पाच-सहा युनिट नक्की" म्हणाला तर त्याच्याकडून महिनावार अंदाज लेखी घ्या.

ढगांपेक्षा उष्णतेकडे लक्ष द्यायला हवे, त्याचा मजकुरात उल्लेखही नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजतात. मेमध्ये हवा ४० अंश असेल तर काचेखालचा सेल ६५ पर्यंत जातो. प्रत्येक अंशाला ०.३५ टक्के या जुन्या प्रकाराच्या दराने चौदा टक्के उत्पादन गेले. नव्या टॉपकॉन पॅनेलमध्ये हा दर ०.३० च्या आसपास आहे. पत्र्याच्या छतावर पॅनेल चिकटवून बसवले की हवा खेळत नाही आणि नुकसान वाढते. खाली निदान चार-सहा इंच मोकळी जागा हवी.

"सगळा माल चिनी"

अर्धे खरे. पॅनेलच्या चार पायऱ्या आहेत: शुद्ध सिलिकॉन, त्याच्या वेफर (पातळ चकत्या), वेफरचे सेल, आणि सेल जोडून पॅनेल. शेवटच्या पायरीत भारताने मोठी झेप घेतली. सरकारच्या मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीतली पॅनेलक्षमता ऑगस्ट २०२५ मध्ये १०० गिगावॅटवर (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) गेली. सेलची क्षमता त्याच्या बरीच मागे आहे, आणि वेफर व शुद्ध सिलिकॉनसाठी आपण अजून चीनवरच अवलंबून आहोत. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० आणि सेलवर २५ टक्के शुल्क लावले, उत्पादनाशी जोडलेले प्रोत्साहन दिले. त्यातून कारखाने आले, वीजही थोडी महागली. देशात कारखाने हवे असतील तर ही किंमत काही वर्षे मोजावी लागेल. आमच्या मते ती मोजण्यासारखी आहे, पण ती शून्य आहे असे कुणी सांगू नये.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. आयात कोळसा जाळून संपतो, पुन्हा मागवावा लागतो. आयात सेल पंचवीस वर्षे वीज देतो.

"विषारी कचऱ्याचे डोंगर"

सिलिकॉन पॅनेलच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश काच असते. त्याखालोखाल ॲल्युमिनियमची चौकट आणि प्लॅस्टिकचे थर. सिलिकॉन तीन-चार टक्के, चांदी अगदी थोडी, आणि सोल्डरमध्ये काही ग्रॅम शिसे. मजकुरातले कॅडमियम वेगळ्या, पातळ-थराच्या पॅनेलमध्ये असते. घरांच्या छतावर सहसा ती नसतात.

कचऱ्याचा प्रश्न आहे, त्याचे स्वरूप वेगळे आहे. चौकट आणि मागची जोडपेटी सहज निघते. काच आणि सेल मात्र चिकट प्लॅस्टिकच्या थराने घट्ट जोडलेले असतात, त्यांना वेगळे करणे खर्चिक. भंगारवाला चौकट काढून बाकीचे फेकतो किंवा जाळतो; मागच्या पडद्यात फ्लोरिन असेल तर त्याचा धूर घातक. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौरपॅनेल आले आहेत, आणि उत्पादकांनी हा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायचा आहे. साठवण झाली, पुनर्वापराचे कारखाने मोजकेच आहेत. शेजारी कोळशाची राख ठेवून पाहा: भारतीय कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते, आणि ती रोज निघते.

"सूर्य मावळला की निरुपयोगी"

हाच तो गंभीर मुद्दा. देशाची सौरक्षमता २०२५ च्या सुरुवातीला १०० गिगावॅट पार झाली, पण २०२४-२५ च्या एकूण विजेत सौर वाटा आठ टक्क्यांच्या आसपास होता. "१०० गिगावॅट सौर म्हणजे १०० गिगावॅट कोळसा" असे म्हणणारे समर्थकही चुकतात. वीजबाजारात दुपारी दर कोसळतो आणि संध्याकाळी सात-आठला अनेकदा १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो.

यावर दोन उपाय एकाच वेळी चालू आहेत. पहिला, मागणीच दुपारी आणायची. महाराष्ट्रातली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमके हेच करते. कृषिपंपांना आळीपाळीने रात्री वीज देण्याऐवजी ३३/११ केव्ही उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत काही मेगावॅटचे प्रकल्प उभारायचे आणि तीच वीज दिवसा शेताच्या फीडरला (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला) द्यायची. वीज दूर वाहून न्यावी लागत नाही, गळती घटते, साठवणूक लागत नाही, आणि शेतकऱ्याला रात्री साप-विंचवांच्या अंधारात बारे द्यायला जावे लागत नाही. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ.

बिघडते कुठे तेही सांगतो. शेतीचा फीडर गावठाणापासून वेगळा नसेल तर गणित फसते, कारण रात्री घरांसाठी तो चालू ठेवावाच लागतो. फीडर जुना असेल आणि दुपारी वारंवार ट्रिप झाला तर ग्रिड नसल्याने प्रकल्पही थांबतो, सूर्य डोक्यावर असताना. आणि गायरान जमीन देताना ग्रामसभेशी नीट बोलणे झाले नाही की चराईवरून काम अडते.

दुसरा उपाय साठवणूक. डिसेंबर २०२४ मध्ये सेकीच्या लिलावात २,००० मेगावॅट सौर आणि सोबत १,००० मेगावॅट, चार तासांची साठवणूक, असा एकत्र दर ३.५२ रुपये निघाला. संध्याकाळच्या दहा रुपयांपुढे तो ठेवून पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने नव्या सौर निविदांत क्षमतेच्या दहा टक्के, दोन तासांची साठवणूक ठेवण्याची सूचना केली. पाण्याची साठवणूक महाराष्ट्राला नवी नाही. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प (पाणी वर चढवून ठेवायचे, हवे तेव्हा खाली सोडून वीज करायची) वर्षानुवर्षे हेच काम करतो आहे. उदंचनात भरलेल्या चार युनिटांतले साधारण तीन परत मिळतात, बॅटरीत थोडे जास्त.

याच कारणाने राज्ये आता नुसती दुपारची वीज घ्यायला कचरतात. लिलाव झाले, विजेते ठरले, पण खरेदीदार राज्याची सही नाही, अशी २०२५ मध्ये ४० गिगावॅटहून जास्त क्षमता अडकून होती. दर ठरवण्याआधी खरेदीदार कुठल्या तासाची वीज मागतो हे विचारले असते तर एवढा साठा तुंबला नसता.

"छतावर बसवू नका"

हे घराच्या बिलावर अवलंबून आहे. तीन किलोवॅटचा संच साधारण १.८ ते २ लाखांत बसतो. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० रुपये मिळतात. उरले सव्वा लाखाच्या आत. वर्षाला ४,००० युनिट निघाले आणि तुमच्या वाचणाऱ्या युनिटची सरासरी किंमत आठ रुपये असेल तर वर्षाला ३२,००० वाचतात. चार वर्षांत पैसे वसूल. महिन्याला ९० युनिटच वापरणाऱ्या घराने मात्र तीन किलोवॅट बसवू नये. त्याचे युनिट स्वस्त टप्प्यातले, एक किलोवॅट पुरे, आणि वसुलीला कितीतरी जास्त वर्षे लागतील. स्थिर आकार कुणालाच चुकत नाही.

तक्रारी येतात त्या पॅनेलच्या कमी, बसवण्याच्या जास्त. टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली एका पॅनेलवर पडली तरी संपूर्ण ओळीचे उत्पादन घसरते. सावली डिसेंबरमध्ये सर्वांत लांब असते, तेव्हाची तपासा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर जोडले तर ते तापतात आणि वितळतात. चौकट, इन्व्हर्टर आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांचे अर्थिंग वेगवेगळे हवे. पॅनेल सकाळी लवकर धुवा. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका, आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी वाळले की पांढरा थर बसतो. अनुदानासाठी सेलही देशातच बनलेले असावे लागतात, म्हणून प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या.

वीज गेली की साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टरही बंद होतो. हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा धक्का बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. भारनियमनाच्या गावात दिवे चालू राहायला हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागते, आणि तो खर्च वरच्या चार वर्षांच्या हिशेबात नाही. राज्यात नेट मीटरवर (ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारे मीटर) जमा झालेले युनिट ३१ मार्चपर्यंत पुढे सरकतात. त्या दिवशी उरलेले युनिट वितरण कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने घेते, आणि तो दर तुमच्या बिलातल्या दराहून बराच कमी असतो. त्यामुळे संच मागच्या बारा महिन्यांच्या बिलांतल्या एकूण युनिटांवरून ठरवा, छत किती मोठे आहे यावरून नाही.