कोणाक सांगू नको

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. सैन्याची भरती आमच्या वाट्याला वर्षातून एखाद्या वेळी, तीही बहुतेक घाट चढून गेल्यावर. म्हणून आमच्या देवगड तालुक्यातली पोरं अकरा महिने पहिल्या भरतीकडे बघत किनाऱ्यावर बसतात आणि बाराव्या महिन्यात दुसरीसाठी धावत सुटतात.

सुटतात ती माझ्या अंगणात येऊन थांबतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावात आलो तेव्हापासून मला दोनच कामं आहेत. दिवसा कलमांवरची माकडं हाकायची आणि पहाटे पाचला वाळूत पोरं हाकायची. माकडं लवकर शिकतात.

परवा त्यातलाच एक, सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वाडीतला, पाय ओढत जवळ आला आणि म्हणाला, "काका, मोटिवेशन टिकत नाय ओ."

याचं मोटिवेशन मला ठाऊक होतं. ते रात्री अकराला मोबाइलवर येतं. त्यात एक सिंह असतो, मागे ढोल असतात आणि एक घोगरा आवाज हिंदीतून सांगतो की, झोपलेल्या सिंहाच्या तोंडात हरीण आपण होऊन येत नाही. ते ऐकून हा सोमवारी साडेचारलाच हजर. मंगळवारी सव्वापाच. बुधवारी आईचा निरोप, 'त्याच्या पोटात दुखता.' गुरुवारी सिंहही झोपलेला आणि हरीणही.

"मोटिवेशन म्हणजे बांगडा," मी म्हटलं. "होडीतून उतरतो तेव्हा कसा लखलखीत. दुपारपर्यंत बर्फ नाही घातलास तर शेजारी खिडक्या लावून घेतात."

"मगे बर्फ खंयचो घालूचो?"

पोरगा पायाने मंद आहे, डोक्याने नाही.

माझा बर्फ मी विकत आणला नव्हता. तो मला गावाने फुकट दिला, आणि मी नको नको म्हणत असताना दिला. बारावीनंतर मी मिल्ट्रीत जायचं ठरवलं तेव्हा फक्त आईला सांगितलं. ती चुलीत फुंकर मारत होती. "कोणाक सांगू नको," मी बजावलं. नापास झालो तर गावभर हसं नको, एवढाच हिशेब. आईनेही शब्द पाळला. तिने कोणालाच सांगितलं नाही. फक्त मासेवाल्या काकीला सांगितलं, कारण काकी काय, घरचीच. काकी डोक्यावर पाटी घेऊन रोज तीन वाड्या फिरायची. त्या दिवशी तिच्या पाटीत मासे थोडे होते, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर होता.

संध्याकाळी देवळाच्या पायरीवर गुरवाने मला हटकलं. "रवळनाथाक गाऱ्हाणा घालूक होया." आणि घातलंच. बा देवा म्हाराजा, ह्यो झील मिल्ट्रीत जाऊचो म्हणता, त्येका बळ दी, वाटेत काय आडनडा येत असात तर ता दूर कर. मागे उभ्या पंधरा-वीस माणसांनी एका सुरात "होय म्हाराजा" म्हटलं. आत्तापर्यंत माझ्यावर फक्त माणसांची नजर होती. आता देवालाही कळलं.

धावायला लागलो आणि पहिल्या आठवड्यातच कळलं की आपल्या गावात पहाटे कोणीही झोपलेलं नसतं. वस्तीची एसटी साडेपाचला सुटायची. तिच्या ड्रायव्हरने एकदा माझ्या अंगावर लाइट मारून गाडी थांबवली, खिडकीतून मान काढली आणि भरल्या गाडीदेखत विचारलं, "काल खंय होतंस? दिसलंस नाय तो?" पाय दुखत होता, म्हटलं. तर मागच्या सीटवरून एक म्हातारी, जिला मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, म्हणाली, "माझे चाळीस वर्सां दुखतत." गाडी हसत निघून गेली. तिच्यातली माणसं तळेऱ्यापर्यंत काय बोलली असतील, याचा विचार करत मी त्या दिवशी दोन फेऱ्या जास्त मारल्या.

जत्रेच्या दिवसांत तर कहर. रात्रभर दशावतार बघायचा आणि पहाटे दांडी मारायची, असा माझा साधा बेत होता. नाटक संपलं, मी चादर गुंडाळून घराकडे वळलो, तर देवळामागे चुलीपाशी संकासुर चहा पीत बसलेला. अर्धा चेहरा काळा, अर्धा पुसलेला. परगावचा माणूस, रात्रभर नाचून दमलेला. त्याने कपातून वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आज धावणा नाय?" राक्षसापर्यंत बातमी पोचली म्हटल्यावर चादर तिथेच टाकली.

आमच्या धावण्याला घड्याळ एक आणि पंचांग दुसरं. भरती-सुकतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि माझी वेळ पहाटे पाचची. सुकती असली की ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट, पाय नुसते उडतात. भरती असली की वरची भुसभुशीत वाळू, तिच्यात पाय टाकायचा तो विहिरीतून काढल्यासारखा वर काढायचा. त्यामुळे एका आठवड्यात मी वाघ असायचो आणि पुढच्या आठवड्यात म्हैस. माझ्यात काही फरक नव्हता, फरक चंद्रात होता.

त्यात रापण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगा करून ओढतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात आणि शेवटी जाळ्याचं पोट वाळूवर येतं. दोराला हात लावील त्याला मूठभर तरी मासे मिळतात. माझी दुसरी फेरी चालू असताना तांडेलाची हाक आली, "ए मिल्ट्री! दोराक हात लाव!" मी अजून भरती झालो नव्हतो, पण हुकूम आला होता. गेलो. ओला दोर पंज्यात घेतला, टाचा रोवल्या, मागे झुकलो. पहिल्या दहा मिनिटांत तळहाताची साल गेली. माझ्या पुढे सत्तरीचे एक बाबा होते. त्यांनी मागे न बघता सांगितलं, "हातान वडू नको, पाठीन वड." दीड तास ओढलं. जाळ्यात निघाले ते मूठभर तारले आणि ढीगभर शेवाळ. वाट्याला सहा तारले आले, ते घेऊन मी उरलेली फेरी धावलो. हातात मासे असले की कुत्री मागे लागतात आणि वेळ सुधारते, हे मला त्या दिवशी कळलं.

ती रापण मी दोन महिने ओढली. भरतीत बीमवर मी दहा पुलअप काढले तेव्हा शेजारचा म्हणाला, कुठली जिम? मी म्हटलं, तारल्यांची.

आताच्या पोरांचं गणित वेगळं. 14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हापासून साडेसतरा वर्षांपुढची पोरं चार वर्षांसाठी जातात आणि त्यातली जास्तीत जास्त चतुर्थांश पुढे कायम होऊ शकतात, असं ठरलं. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की पूर्ण साठ गुण, दहा बीम काढले की चाळीस, शिवाय नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी. पोरांना हे आकडे तोंडपाठ आहेत. 4 डिसेंबर 2023 ला मालवणला नौदल दिन झाला, सगळ्यांनी युद्धनौका बघितल्या, आणि दुसऱ्या दिवशी निम्मी बॅच मला सांगायला आली की काका, आम्ही नेव्हीत जाणार, तिकडे सोळाशेला साडेसहा मिनिटं चालतात. मी विचारलं, पोहता किती जणांना येतं? समुद्र पाठीशी गरजत होता. पुढे कोणी गरजलं नाही.

असो. मी घाट चढून ट्रेनिंग सेंटरला गेलो. कुठल्या ते सांगत नाही, उस्ताद अजून ठणठणीत आहेत.

तिथे पहिली गोष्ट कळली ती वेळेची. सहाला फॉलिन (रांगेत हजर होणं) म्हणजे सहाला नाही. वरचा साहेब सहा म्हणतो, खालचा पंधरा मिनिटं आधी बोलावतो, त्याच्या खालचा त्याहून दहा मिनिटं आधी, आणि रंगरुटापर्यंत उतरता उतरता सहाचे पाच झालेले असतात. आमच्याकडे लग्नाची पंगत बाराला सांगतात आणि अडीचला पानं मांडतात. या दोन संस्कृतींच्या मधोमध मी एका पायात बूट घालून उभा होतो.

बाकी सगळ्यांचं जे होतं तेच माझं झालं. केस गेले, भात कमी झाला, चपात्या वाढल्या. ड्रिलला डावा हात आणि डावा पाय एकदम पुढे जायला लागले. घरी बिनचूक चालणारा माणूस 'तेज चल' ऐकलं की असा का चालतो, हे मला अजून उलगडलेलं नाही. रात्री गिनतीनंतर बुटाला पॉलिश. टोकावर थुंकी, कपड्याने बारीक बारीक गोल, टोकात ट्यूबलाइट दिसेपर्यंत. भाद्रपदात तो गोल फिरवताना आमच्या वाडीतली भजनं ऐकू यायची. डबलबारीचा तबला, मग उसळ, मग पुढचं घर. मराठा जवानाला फौजेत प्रेमाने 'गणपत' म्हणतात. आमच्या बॅरकमध्ये सगळे गणपतच होते, आणि गणपतीला एकाही गणपताला सुट्टी नव्हती.

पण खरा त्रास हा नव्हे. त्रास असा की मला कोणी विचारत नव्हतं. ओरडत होते, भरपूर ओरडत होते, पण ओरडणं वेगळं आणि विचारणं वेगळं. ओरडणाऱ्याला तुमचं नाव ठाऊक नसतं. गावात एक दिवस चुकला तर एसटी थांबायची. इथे मी मनातून कधीच रांगेबाहेर गेलो होतो आणि कोणाला पत्ता नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ठरवलं की सोमवारी एम.आय. रूमला, म्हणजे फौजेच्या दवाखान्यात, जायचं, गुडघा दुखतो सांगायचं आणि 'अटेंड सी' घ्यायचं. म्हणजे पी.टी.ला सुट्टी. रांगेत उभं राहून दुसऱ्यांचं धावणं बघायचं.

शनिवारी आईचं पार्सल आलं. वर मालवणी खाजं, खाली तीन पिशव्यांच्या आत खारवलेले बांगडे, चार. बांगड्यांना पिशव्यांचं वावडं नसतं, ते त्यांच्यातून आरपार जातात. नेमकी त्याच दिवशी बक्सा तपासणी. उस्तादांचे बूट दारात वाजले आणि मी ते चारही डांगरीच्या खिशांत कोंबले. उस्ताद आत आले, थांबले, नाक वर केलं.

"ये क्या मरा है?"

गप्प.

"कोई नहीं मरा? ठीक है. सब बाहर."

अख्ख्या प्लाटूनला मैदानात फ्रंट रोल. पहिल्या कोलांटीला डावा खिसा कडकन मोडला. दुसरीला उजवा. तिसरीला कावळे आले. आधी एक, मग सहा-सात. चाळीस जण लोळत होते, पण कावळे फक्त माझ्यावर फिरत होते, आणि मी जिकडे लोळेन तिकडे सरकत होते. उस्तादांनी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी काही विचारलं नाही. ते साताऱ्याकडचे असले तरी कावळ्यांची साक्ष त्यांना कळत होती. दुसऱ्यांचं थांबवलं आणि माझं चालू ठेवलं.

त्या दिवसापासून मी बांगड्या. लंगरमध्ये वाढणारा विचारी, आज मासे नाहीत, चालेल ना बांगड्या? वरच्या खाटेवरचा पहाटे शिट्टीच्या आधी पाय खाली सोडून माझ्या पोटाला लावायचा, "बांगड्या, ऊठ, भरती आली." मी पी.टी.ला मागे पडलो की शेजारच्या प्लाटूनमधून हाका यायच्या. सोमवारी ठरल्याप्रमाणे लंगडत एम.आय. रूमला गेलो. नर्सिंगवाल्याने वहीतून मान वर केली आणि आधी माझा गुडघा नाही, चेहरा बघितला. "कावळेवाला तूच का रे?"

मी म्हटलं, गुडघा बरा आहे. आणि परत रांगेत गेलो.

एवढं सगळं मी त्या सड्यावरच्या पोराला सांगितलं. त्याने डोळे मोठे करून ऐकलं, हसला, म्हणाला, काका, भारी. दुसऱ्या दिवशी आला नाही.

मी फोन केला नाही. नऊला मासेवाली आली. त्या काकीची ही सून. पाटी जाऊन स्कूटर आली, मागे बर्फाचा खोका आला, बाकी घराणं तेच. मी सहा बांगडे घेतले, पैसे मोजता मोजता आवाज खाली केला आणि म्हटलं, "त्या सड्यावरच्या वाडीतलो झील आसा ना, तो मिल्ट्रीची तयारी करता. कोणाक सांगू नको."

"छे ओ," ती म्हणाली, "मी कोणाक सांगतलंय?"

खोक्याचं झाकण लावलं, पदर खोचला, किक मारली. रोज ती इथून उजवीकडे बाजाराला वळते. आज डावीकडे, सड्याच्या चढाला लागली.