फायरवॉल बंद करा म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: घरच्या कॉम्प्युटरला फायरवॉल (नेटवर्कवरून न बोलावता येणारी कनेक्शनं अडवणारा पहारेकरी प्रोग्रॅम) नको. राउटर आहे, अँटिव्हायरस आहे, फायरवॉल बंद केली की नेट पळतं, आणि आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?

राउटरचा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. न बोलावता बाहेरून आलेली कनेक्शनं राउटर सहसा आत सोडत नाही. पण वाड्याचा दिंडी दरवाजा लावला म्हणून खोलीची कडी कुणी काढून ठेवत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, हिंजवडीच्या पीजीत एकाच वायफायवर कितीतरी लॅपटॉप असतात. त्यातल्या एकात किडा (वर्म, म्हणजे आपला आपण पसरणारा व्हायरस) शिरला, तर तो बाकीच्यांकडे राउटरच्या आतल्या बाजूनेच जातो. तिथे राखणीला तुमच्या लॅपटॉपवरची फायरवॉलच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर किडा असाच पसरला: ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं कनेक्शनसाठीचं दार), कुणी काही क्लिक न करता. मायक्रोसॉफ्टने त्यावरचं अपडेट मार्चमध्येच दिलं होतं, पण अपडेट पुढे ढकलणारे आपण काही कमी नाही. म्हणून अभ्यासिकेत किंवा कॅफेत वायफाय जोडताना विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक'च ठेवा, म्हणजे फायरवॉल जास्त कडक राहते.

अँटिव्हायरस मुख्यतः फायली आणि प्रोग्रॅम तपासतो. फायरवॉल कनेक्शन दारातच अडवते. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा १३५ पोर्टमधून घराघरांत घुसला, तेव्हा विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण मूळ सेटिंगमध्ये बंद. वर्षभराने, सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या मोठ्या अपडेटपासून, ती आपोआप चालू राहू लागली.

नेट पळतं? नाही पळत. उलट फायरवॉलची सर्व्हिसच थांबवली तर स्टार्ट मेनू अडू शकतो, अ‍ॅप्स इन्स्टॉल होईनाशी होतात.

राहिलं 'चोरण्यासारखं काय'. किड्याला तुमचं नावगाव ठाऊक नसतं; उघडं पोर्ट दिसलं की तो शिरतो. वॉनाक्रायने फायली कुलूपबंद करून सुरुवातीला ३०० डॉलर मागितले. घरातल्या लग्नाचे फोटो चोराला कवडीमोल असतील, तुम्हाला नाहीत.

एक मात्र मान्य: फायरवॉल विकत घ्यायची गरज बहुतेकांना नाही, विंडोजमधली पुरते. बनावट वीजबिलाच्या लिंकवर तुम्हीच पासवर्ड दिलात, तर तिचा काही उपयोग नाही. आणि मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे ती मुळात बंद असते. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली जाऊन चालू करा.