डुलकी म्हणजे होकार नव्हे

बेळगावच्या शहापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे. पांढरीशुभ्र गादी, पाठीला लोड, डोक्यावर पंखा आणि समोर इरकलीच्या मऊ घड्या. झोपाळू माणसाला याहून घातक धंदा नाही. उद्यमबागच्या फाऊंड्रीत असतो तर निदान भीतीनं जागा राहिलो असतो.

मागच्या दिवाळीत हिशेब लागेना. माल गेलेला, पण गल्ला भरलेला नाही. दुकानातल्या पोऱ्याला धरलं, तर तो म्हणाला, "मालक, तुम्हीच दिलासा की!" मग उलगडा झाला. येळ्ळूरच्या एक मावशी यायच्या, साडी मांडीवर घेऊन विचारायच्या, "अण्णा, अठराशेची बाराशेला देतासा काय?" नेमकी तेव्हाच माझी मान छातीवर पडायची. सौदा पक्का! "आणि ब्लाऊजपीस वरती?" मी दचकून मान वर घ्यायचो, ती पुन्हा खाली यायची. ब्लाऊजपीसही गेला. पुण्यात दुकानदार दुपारी 1 ते 4 झोपला तर ती परंपरा; मी झोपलो तर दिवाळं.

घर वडगावात, आजूबाजूला यंत्रमाग. आमच्याकडची माणसं मागांच्या खडखडाटात गाढ झोपतात आणि करंट जाऊन माग थांबले की दचकून उठतात. हिचं तसंच व्हायचं. माझ्या घोरण्यानं तिची झोप कधी मोडली नाही; घोरणं थांबलं की मोडायची. सगळं चिडीचूप, ती अंधारात मोजत बसलेली, आणि मग विहिरीच्या तळातून वर आल्यासारखा मी मोठ्यानं श्वास ओढायचो. "तुमचा धागा तुटतोय," असं म्हणत तिनंच मला डॉक्टरकडे नेलं.

एक रात्र अंगभर वायरी लावून झोपवलं. अहवाल आला : तासाला 38 वेळा श्वास अडतो, दर वेळी निदान 10 सेकंद. 30 च्या वर गेलं की तीव्र. डॉक्टरांनी समजावलं, याला स्लीप ॲप्निया म्हणतात; झोपेत घसा सैल पडून वाट बुजते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू हलवून उठवतो. तुम्हाला आठवतही नाही, पण रात्रभर झोपेचे तुकडे पडतात. आता अहवाल या शब्दाशी सीमाभागाचं जुनं वाकडं आहे. बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा 1967 चा महाजन अहवाल आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही. मीही घराण्याला जागून माझा अहवाल फेटाळला. हिनं मात्र तो जसाच्या तसा स्वीकारून अंमलबजावणी सुरू केली.

त्याआधी एक प्रश्नपत्रिकाही सोडवून घेतली होती. एपवर्थ स्केल. 1991 साली ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी काढलेली. आठ प्रसंग : वाचताना, टीव्हीपुढे, जेवून स्वस्थ बसल्यावर वगैरे डोळा लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला 0 ते 3 गुण. 10 च्या वर गेलात की विचार करायला हवा. मला 24 पैकी 19. शाळेत कधी मिळालं नाही ते डिस्टिंक्शन असं मिळालं. त्यात एक प्रश्न रहदारीत गाडी थांबली असतानाचा आहे. तिथं मी 3 लिहिले, कारण दुसऱ्या रेल्वे गेटला स्कूटरवर एक पाय टेकून मी झोपलो होतो. गाडी गेली, गेट उघडलं, मागच्या टेम्पोवाल्यानं "नडीरी, नडीरी!" (चला, चला!) म्हणून शंख केला तेव्हा जागा झालो. त्या दिवसापासून स्कूटरची किल्ली पोराच्या खिशात असते. आणि डॉक्टरही त्याच्याच बाजूचे निघाले.

मग सीपॅप यंत्र आलं. नाकावर मास्क, मागे नळी, नळीतून घशाची वाट उघडी ठेवणारी दाबाची हवा. सोंडेचे सगळे विनोद घरात करून झालेत, इथं नकोत. हवा ओलसर करणाऱ्या टाकीला डिस्टिल्ड वॉटर लागतं, ते बॅटरीच्या दुकानातून कॅननं आणतो. दुकानदाराला वाटतं माझ्याकडे ट्रक आहे. डिसेंबरच्या थंडीत नळीत वाफेचं पाणी साचून मध्यरात्री हुक्क्यासारखी गुडगुड सुरू झाली आणि एक गार थेंब थेट नाकात उतरला. हिनं दुसऱ्या दिवशी गुळेदगुड्डच्या खणाचा तुकडा शिवून नळीला घातला. काठ इतका सुंदर लागलाय की पाहुणे आधी काठाचा भाव विचारतात.

आता अण्णा टवटवीत होणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. अण्णा महिनाभर तसेच पेंगत होते. सल्ले मात्र आले. सराफांनी फुटाणे चघळायला सांगितले; तोंडात फुटाणा घेऊन झोपणं किती भयंकर, ते मला कळलंय. कॉफीवाला रोज "निद्दी बंतेन्री अण्णा?" (झोप आली काय?) म्हणत दुप्पट डिकाशन घालायचा, त्यानं दुपारी नाही, पण रात्री मात्र लख्ख जाग यायची. मी गादी सोडून उभ्यानं कापड फाडायला लागलो, तर एक खण तिरका फाटला.

शेवटी डॉक्टरांनी यंत्रातली नोंद काढली. मास्कमधून हवा गळत होती, आणि तीही मिशीतून! आजोबांपासून चालत आलेली भरघोस मिशी. मास्क तिच्यावर बसत नव्हता, नुसता टेकत होता. तीन दिवस मी कुणाशी बोललो नाही. चौथ्या दिवशी न्हाव्याकडे गेलो. "पूर्ण?" त्यानं हळू आवाजात विचारलं. मी डोळे मिटून मान हलवली. हा होकार मात्र खरा होता.

गळती थांबली. पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी पोऱ्यानं मला हलवून पाहिलं. मी जागाच होतो. अजून जेवणानंतर पेंग येते, मग वीस मिनिटं मास्क लावून रीतसर झोपतो. बाकी वेळ डोळे उघडे.

परवा येळ्ळूरच्या मावशी आल्या. साडी मांडीवर घेतली, आवाज मऊ केला, "अण्णा, दोन हजाराची चौदाशेला देतासा काय?" मी टक्क डोळ्यांनी म्हणालो, "एकोणीसशे." त्या माझ्या ओठाकडे, मग डोळ्यांकडे बघत राहिल्या. उठता उठता पोऱ्याला म्हणाल्या, "अण्णांची तब्येत पयल्यासारखी राहिली नाही रे. किती मोकळ्या मनाचा माणूस हुता."